कॉर्पोरेट नोकरीसाठी रेझ्युमे आणि कव्हर लेटर : खान्देशातील पदवीधरांसाठी

खान्देशात नोकरीसाठी लिहिला जाणारा पहिला कागद बहुधा दोन जुन्या नमुन्यांवरून उतरवलेला असतो. त्यांतील एक लग्नाच्या बायोडेट्याचा : वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, भावंडांची संख्या, मूळ गाव आणि शेवटी आवडीनिवडी. दुसरा नमुना सरकारी अर्जाचा : 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, विषय : नोकरी मिळणेबाबत, महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की…' दोन्ही नमुने आपापल्या जागी उपयोगाचे आहेत, परंतु पुण्यातील, मुंबईतील किंवा जळगावच्या एमआयडीसीतील एखाद्या कंपनीच्या भरती विभागात हा कागद पोहोचला, की वाचणाऱ्याला जे हवे असते ते त्यात मिळत नाही. उमेदवार कोणत्या घरचा आहे हे त्याला नको असते आणि विनंती किती नम्र आहे हेही तो मोजत नाही. जाहिरातीतील काम या व्यक्तीला जमेल काय आणि जमेल असे मानण्यास आधार कोणता, एवढेच त्याला थोडक्या वेळात ठरवायचे असते.

गेली काही वर्षे मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे रेझ्युमे त्यांच्याबरोबर बसून तपासत आलो आहे. एक गोष्ट मला वारंवार दिसते आणि ती दिसली की वाईट वाटते : या मुलामुलींनी कामे केलेली असतात, कधी कधी पुण्यातील मुलांपेक्षा अधिक केलेली असतात, पण ती कागदावर येत नाहीत. काकांच्या कृषी सेवा केंद्रात तीन हंगाम बसून उधारीचा हिशेब ठेवणारा विद्यार्थी 'अनुभव' या शीर्षकाखाली 'फ्रेशर' असा एकच शब्द लिहून मोकळा होतो. हे केलेले काम पुरावा म्हणून कागदावर कसे आणावे, याचाच विचार पुढे मुख्यतः केला आहे.

जाहिरात आधी, रेझ्युमे नंतर

एकच रेझ्युमे तयार करून तो पन्नास ठिकाणी पाठवण्याची पद्धत सोडून द्यावी. प्रथम जाहिरात कागदावर छापून घ्यावी किंवा वहीत उतरवावी, आणि तिच्यातील प्रत्येक अपेक्षेखाली रेघ ओढावी. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला कनिष्ठ लेखा कर्मचारी हवा आहे आणि जाहिरातीत जीएसटी रिटर्न, टॅली प्राइम (हिशेबाचे सॉफ्टवेअर), बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या खातेउताऱ्याशी जुळवणे), पुरवठादारांची खाती आणि एक्सेल या पाच गोष्टी आहेत. वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारून डावीकडे या पाच गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे प्रत्येकीसमोर आपण ते काम कोठे, केव्हा आणि किती केले हे लिहावे. ज्या ओळीसमोर उजवीकडे काहीच येत नाही, ती तशीच रिकामी ठेवावी. पाचांपैकी तीन-चार ओळी भरल्या तर निःशंक अर्ज करावा, कारण जाहिरातीतील सर्वच अपेक्षा पूर्ण करणारा उमेदवार कंपनीलाही क्वचितच मिळतो. एकच ओळ भरली, तर ती जाहिरात सोडून पुढे जावे.

हे पान म्हणजेच रेझ्युमेचा कच्चा मसुदा होय. जाहिरातीत जो शब्द वापरला आहे तोच, अर्थात तो आपल्या बाबतीत खरा असेल तर, रेझ्युमेत वापरावा. त्यांनी 'अकाउंट्स पेएबल' म्हटले असेल आणि आपण त्याच कामाला 'पार्टीचे लेजर' म्हणत असू, तर त्यांचा शब्द घ्यावा. यामागचे एक तांत्रिक कारण पुढे येईलच.

नाव, पत्ता, फोन

नाव हा साधा विषय वाटतो, पण खान्देशात तो तितका साधा नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते, आणि लग्नानंतर मुलींच्या काही कागदांवर माहेरचे, काहींवर सासरचे आडनाव राहते. त्यातच आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे इतकी सर्रास आहेत, की एकाच वर्गात एकाच नावाचे दोन पाटील सापडतात. म्हणून रेझ्युमेत स्वतःचे नाव, वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचे आद्याक्षर आणि आडनाव असा एकच क्रम ठरवून घ्यावा आणि तोच क्रम ई-मेल, लिंक्डइन आणि नोकरीची संकेतस्थळे या सर्व ठिकाणी ठेवावा. कागदपत्रांत नाव वेगवेगळे असेल, तर त्याचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवावे. नेमणुकीच्या वेळी त्यासाठी धावपळ करणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

'मु. पो., ता., जि.' असा संपूर्ण पत्ता देण्याची गरज नाही. गाव किंवा शहर आणि जिल्हा पुरेसा आहे. मात्र यावल किंवा शहादा वाचून पुण्यातील व्यक्तीच्या मनात 'हा उमेदवार येथे राहायला येईल काय' असा प्रश्न हमखास उभा राहतो. त्याचे उत्तर त्याच ओळीत द्यावे : 'पुणे येथे स्थलांतरास तयार'. तयारी नसेल तर तसे लिहू नये. धर्म, जात, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक आणि पॅन क्रमांक यांपैकी काहीही खासगी कंपनीच्या रेझ्युमेत लिहू नये. जाहिरातीत मागितला नसेल तर फोटोही लावू नये.

ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा, आणि तो स्वतः उघडलेला असावा. तालुक्याच्या ठिकाणी प्रवेश अर्ज भरताना सायबर कॅफेचालकानेच ई-मेल तयार करून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कॅफेच्या वहीत राहतो, हा प्रकार आजही आढळतो. मुलाखतीचे पत्र त्या खात्यात येऊन पडते आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही लागत नाही. फोन क्रमांकाचेही तसेच आहे : रेझ्युमेत दिलेला क्रमांक निदान सहा महिने रिचार्ज करून चालू ठेवावा.

'ऑब्जेक्टिव्ह'ऐवजी तीन ओळींचा सारांश

आपल्याकडील बहुसंख्य रेझ्युमेंच्या आरंभी 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' असते आणि त्यात आव्हानात्मक पद, नामांकित संस्था आणि स्वतःची व संस्थेची प्रगती या तीन गोष्टी गुंफलेल्या असतात. हे वाक्य कोणी कोणाकडून घेतले हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते उमेदवाराविषयी काहीही सांगत नाही. त्या जागी तीन ओळी अशा लिहाव्यात, ज्या दुसऱ्या कोणाच्याही रेझ्युमेत शोभणार नाहीत. वर घेतलेल्या लेखा पदासाठी त्यांचा आशय असा होईल : 'बी.कॉम. पदवीधर, जळगाव येथील कर सल्लागाराच्या कार्यालयात दोन वर्षांचा अनुभव. अकरा व्यापाऱ्यांची मासिक जीएसटी विवरणपत्रे आणि टॅली प्राइममधील खाती सांभाळतो. पुरवठादारांच्या बिलांची जुळवणी आणि बँक रिकन्सिलिएशन ही नित्याची कामे.' कॉर्पोरेट कंपन्यांसाठी हा मजकूर सामान्यतः इंग्रजीत जाईल. या लेखातील उदाहरणे आशय कळावा म्हणून मराठीत दिली आहेत.

केलेले काम कसे मांडावे

रेझ्युमेचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि याच भागात सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक कामाच्या ओळीत चार गोष्टी याव्यात : काय केले, कशाच्या साह्याने केले, किती प्रमाणात केले आणि त्यामुळे काय घडले. चौथी गोष्ट प्रत्येक वेळी सांगता येतेच असे नाही, परंतु पहिल्या तीन आल्याच पाहिजेत.

'जीएसटीचे काम पाहिले' ही ओळ घ्या. वाचणाऱ्याला तीवरून काहीच कळत नाही, कारण बिलांची गठ्ठी बांधणे हेही जीएसटीचे काम आणि विवरणपत्र दाखल करणे हेही जीएसटीचेच काम. तीच ओळ अशी लिहिली, की चित्र स्पष्ट होते : 'अकरा व्यापाऱ्यांची जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही मासिक विवरणपत्रे तयार केली, खरेदीची बिले जीएसटीआर-२बी शी जुळवून न दिसणाऱ्या बिलांची यादी दरमहा पुरवठादारांना पाठवली.' यांतील जीएसटीआर-१ हे विक्रीचे आणि ३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, तर २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारी आपल्या खरेदीची यादी. या क्षेत्रातील माणसाला हे वाचताच समजते, की या उमेदवाराने ११ आणि २० तारखेची, म्हणजे ही दोन विवरणपत्रे भरण्याच्या शेवटच्या दिवसांची, घाई प्रत्यक्ष अनुभवली आहे.

आकडे देताना एक बंधन स्वतःवर घालून घ्यावे : मुलाखतीत 'हा आकडा कसा काढला' असे विचारल्यावर कागद पुढे घेऊन जो सांगता येईल, तोच लिहावा. 'कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली' असे लिहिणाऱ्याला ती आधी किती होती हे सांगता येत नाही, आणि तेथेच मुलाखत संपते. अकरा व्यापारी, तीन हंगाम, दरमहा सुमारे चारशे बिले हे आकडे लहान असले तरी भक्कम आहेत.

आता घरच्या कामाविषयी. दुकान, शेती, दूधसंकलन, वडिलांचा गाळा ही कामे रेझ्युमेत लिहिण्याचा अनेकांना संकोच वाटतो. पगार मिळाला नाही म्हणजे तो अनुभव नव्हे, अशी समजूत असते. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. समजा, रावेर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने पदवीनंतरचे एक वर्ष घरच्या केळीच्या बागेत घालवले. तिने तीन एकर कांदेबागेचे (म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचे) ठिबक आणि त्यातून द्यायच्या खतांचे वेळापत्रक सांभाळले, मजुरी आणि खतांचा खर्च एक्सेलमध्ये ठेवला आणि माल काढताना व्यापाऱ्याने दिलेला भाव त्या दिवशीच्या जाहीर भावाशी ताडून पाहिला. खते-बियाण्यांची कंपनी, ठिबक संच बनवणारी कंपनी, बँकेचा कृषी कर्ज विभाग किंवा फळे पाठवणारी पुरवठा साखळी यांच्यासाठी हे वर्ष म्हणजे तिच्या रेझ्युमेतील सर्वांत मोलाची ओळ आहे. तिने ते 'गॅप' म्हणून लपवले, तर स्वतःचा पुरावा स्वतःच मागे ठेवला असे होईल. तीच विद्यार्थिनी सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज करीत असेल, तर मात्र हे एका ओळीत सांगावे, जेणेकरून ते वर्ष रिकामे दिसणार नाही, आणि उरलेली जागा प्रोजेक्टला द्यावी.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेलेली दोन-तीन वर्षे हा आपल्याकडे फार मोठा आणि नाजूक विषय आहे. ती वर्षे लपवू नयेत आणि त्यांची कैफियतही देऊ नये. 'राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी' आणि सुरुवातीचे व शेवटचे वर्ष, एवढे पुरे. पूर्वपरीक्षा उत्तीर्ण केली असेल तर तेही लिहावे. त्या काळात शिकवणी घेतली असेल, अभ्यासिका चालवली असेल, तर ती स्वतंत्र ओळ ठरते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट हाच मुख्य आधार असतो आणि बहुतेक जण तेथे नुसते शीर्षक लिहून थांबतात. केळीच्या पानांवरील करपा मोबाइलच्या छायाचित्रावरून ओळखणारा प्रोजेक्ट चार जणांनी मिळून केला असेल, तर चौघांच्याही रेझ्युमेत एकच परिच्छेद येतो, आणि कंपनी जेव्हा एकाच दिवशी चौघांना बोलावते तेव्हा तो उघडा पडतो. आपण स्वतः काय केले ते लिहावे. एकाने शेतात जाऊन छायाचित्रे गोळा करून त्यांची वर्गवारी केली, दुसरीने मॉडेल तयार केले, तिसऱ्याने ॲप लिहिले : प्रत्येकाची ओळ वेगळी व्हावी. छायाचित्रे किती होती, किती वेळा ओळख चुकली आणि कोणत्या परिस्थितीत चुकली, हे ज्याला सांगता येते त्याने काम स्वतः केले आहे, याविषयी मुलाखत घेणाऱ्याला शंका राहत नाही.

डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील अप्रेंटिसशिप हा अनुभव म्हणूनच नोंदवावा : विभागाचे नाव, यंत्राचे नाव, कालावधी आणि मिळालेले प्रमाणपत्र. मशीनचे नाव नेमके लिहिले, की त्या यंत्रावर काम करणाऱ्या कंपनीला उमेदवार लगेच कळतो. 'मशीन ऑपरेटिंग' असे म्हटल्याने काही कळत नाही.

खोट्या अनुभवपत्राबद्दल दोनच वाक्ये लिहितो, कारण पैसे घेऊन ती देणारे लोक शहरांत आहेत आणि आपली मुले त्यांच्याकडे जातात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात तो निधी भरणाऱ्या पूर्वीच्या प्रत्येक मालकाचे नाव आणि नोकरीचा कालावधी नोंदलेला असतो, पडताळणी करणाऱ्या संस्था तो पाहतात, आणि ही लबाडी उघडकीस आल्यावर हातात आलेली नोकरीही जाते.

शिक्षण, कौशल्ये, भाषा

शिक्षणाचा तक्ता शेवटच्या पदवीपासून मागे जाणारा असावा. नवोदितांनी दहावी आणि बारावीचे गुण लिहावेत, कारण अनेक मोठ्या कंपन्या भरतीसाठी तिन्ही टप्प्यांवर ठरावीक किमान टक्के मागतात. चार-पाच वर्षे नोकरी झाल्यावर ते गाळावेत. विद्यापीठाचे नाव आद्याक्षरांत लिहू नये, कारण ती आद्याक्षरे खान्देशाबाहेर कोणाला उलगडत नाहीत. १९९० साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले; त्यापूर्वीच्या पदवी प्रमाणपत्रावर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' एवढेच आहे. अशा पदवीधरांनी प्रमाणपत्रावरील नाव लिहून कंसात आजचे नाव द्यावे, म्हणजे पडताळणीत दोन वेगळी विद्यापीठे असल्याचा घोळ होत नाही.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र शासकीय नोकरीसाठी उपयोगी आहे, परंतु कॉर्पोरेट कंपनीत त्याने फारसे वजन पडत नाही. त्याऐवजी एक्सेलमध्ये काय येते ते लिहावे : व्हीलूकअप, पिव्हट टेबल, कंडिशनल फॉरमॅटिंग, यांपैकी जे खरोखर येते ते. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीम प्लेअर' हे शब्द काढून टाकावेत. 'वाचन, क्रिकेट, प्रवास' हेही काढावे. विद्यापीठ पातळीवर खेळला असाल तर ती गोष्ट वेगळी, ती वर्षासह लिहावी.

भाषांच्या रकान्यात खान्देशी उमेदवार मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून थांबतो. अहिराणी का लिहीत नाही, असे विचारले तर उत्तर मिळते, 'ती तर घरची बोली आहे'. परंतु धुळे-नंदुरबारमध्ये क्षेत्रीय अधिकारी नेमणाऱ्या बियाणे कंपनीला, सूक्ष्मवित्त संस्थेला किंवा विमा कंपनीला शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूसच हवा असतो. अक्कलकुवा आणि धडगाव भागासाठी भिली किंवा पावरी येणे, नवापूर-तळोद्याकडे गुजराती येणे, हे तर थेट पात्रतेत मोजले जावे असे कौशल्य आहे. अशा पदांसाठी भाषेचा रकाना वर घ्यावा. बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी तो तळाशी राहिला तरी चालेल.

शेवटचे 'मी असे जाहीर करतो की वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण, दिनांक आणि स्वाक्षरी खासगी नोकरीसाठी आवश्यक नाही. त्याची जागा एखाद्या कामाच्या ओळीला द्यावी. नवोदिताचा रेझ्युमे एका पानात बसावा. सात-आठ वर्षांचा अनुभव असल्यास दोन पाने.

कागद यंत्रही वाचते

मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर रेझ्युमे प्रथम एका संगणक प्रणालीत जातो. तिला एटीएस म्हणतात. ती मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा कप्प्यांत टाकते आणि भरती करणारी व्यक्ती त्यात शब्द टाकून शोध घेते. जाहिरातीतील शब्द जसेच्या तसे वापरावेत असे वर म्हटले, ते यासाठीच. दोन उभ्या स्तंभांची मांडणी, टेक्स्ट बॉक्स, कौशल्यासमोर काढलेले तारे आणि चौकटी यांमुळे काही प्रणाल्यांत मजकुराचा क्रम विस्कटतो. फोन आणि ई-मेल पानाच्या हेडरमध्ये टाकल्यास ते कधी कधी वाचलेच जात नाहीत. म्हणून एकच स्तंभ, साधी शीर्षके, एकच सरळ फॉन्ट आणि अकरा किंवा बारा आकाराची अक्षरे ठेवावीत.

छापील रेझ्युमेचा मोबाइलने फोटो काढून किंवा तो स्कॅन करून पाठवू नये. ते चित्र असते, मजकूर नव्हे. वर्डमधून थेट पीडीएफ तयार करावी आणि तिच्यातील एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी. अक्षरे नीट उमटली तर यंत्रालाही ती वाचता येतील. मराठीत पत्र लिहायचे असेल, उदाहरणार्थ सहकारी बँक किंवा वृत्तपत्रासाठी, तर ते युनिकोडमध्येच टंकलिखित करून घ्यावे. तालुक्याच्या टायपिंग केंद्रांत श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये काम चालते, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वर्डची तीच फाइल अगम्य चिन्हांची होऊन उघडते.

कव्हर लेटर

रेझ्युमे काय काय केले ते सांगतो. ते सारे या एका पदाशी कसे जोडले जाते, हे पत्र सांगते. ते अडीचशे-तीनशे शब्दांहून मोठे नसावे आणि त्यात रेझ्युमेची पुनरुक्ती नसावी. घरची परिस्थिती, कर्ज, वडिलांचे आजारपण यांचा उल्लेख पत्रात करू नये. ही अडचण खरी असते, ती सांगावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण पत्र वाचणाऱ्याला त्या आधारावर निवड करता येत नाही. वर घेतलेल्या पदासाठी पत्राचा आशय असा असू शकेल :

'भरती विभाग प्रमुख यांस,

कनिष्ठ लेखा कर्मचारी या पदाची आपली जाहिरात वाचली. जीएसटी विवरणपत्रे आणि पुरवठादारांची खाती ही या पदाची मुख्य कामे आहेत, आणि गेली दोन वर्षे जळगाव येथील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी हीच कामे करीत आहे.

सध्या माझ्याकडे अकरा व्यापाऱ्यांची खाती आहेत. त्यांत चार डाळ मिल आणि दोन पीव्हीसी पाइपचे वितरक आहेत. एका मिलच्या पुरवठादारांची काही बिले जीएसटीआर-२बी मध्ये वेळेवर दिसत नसत, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराचे तिचे क्रेडिट अडकत असे. मी दर महिन्याच्या ५ तारखेला पुरवठादारनिहाय बिलांची यादी पाठवू लागलो, म्हणजे ११ तारखेपूर्वी आपले विवरणपत्र भरताना त्यांना ती बिले घेता यावीत. तेव्हापासून त्या मिलची अशी बिले थोडीच उरतात.

आपले पुरवठादार अनेक राज्यांत आहेत, असे आपल्या संकेतस्थळावरून दिसते. आंतरराज्य खरेदीचा माझा अनुभव दोन वितरकांपुरता मर्यादित आहे. तथापि त्यांच्या आयजीएसटीच्या नोंदी मी स्वतः केल्या आहेत.

पुणे येथे राहावयास येण्याची माझी तयारी आहे. निवड झाल्यास सध्याच्या कार्यालयास एक महिन्याची सूचना देऊन मी रुजू होऊ शकेन.

आपला विश्वासू'

या पत्रात एकही विशेषण स्वतःसाठी वापरलेले नाही, आणि एक उणीव मोकळेपणाने सांगितली आहे. उणीव सांगितल्याने उमेदवारी दुबळी होते, ही भीती मला अनाठायी वाटते. ज्याने आपली मर्यादा ओळखली आहे त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. दुसरी गोष्ट मिलच्या प्रसंगाची. पत्रात असा एकच प्रसंग असावा, पण तो पूर्ण सांगावा : अडचण काय होती, आपण काय केले, पुढे काय झाले.

कंपनीविषयी एक-दोन वाक्ये जरूर लिहावीत, पण त्यांचा पदाशी संबंध असावा. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरमध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, याचा अमळनेरकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. म्हणून तेथील विद्यार्थी विप्रोला पत्र लिहिताना त्यानेच सुरुवात करतात. ही आपुलकी समजण्यासारखी आहे, परंतु ती पात्रता नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल, तिची उत्पादने, तिने जाहीर केलेला नवा प्रकल्प यांतून आपल्या कामाशी जुळणारी एखादी बाब शोधून तिच्यावर एक वाक्य लिहिले, तर ते अधिक उपयोगी पडते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

इंग्रजीची भीती वाटत असेल, तर पत्र आधी मराठीत लिहावे आणि मग लहान-लहान इंग्रजी वाक्यांत उतरवावे. व्याकरण तपासण्यासाठी एआय साधनांची मदत घेण्यास हरकत नाही. मात्र संपूर्ण पत्रच त्यांच्याकडून लिहून घेतल्यास ते गुळगुळीत होते, शंभर जणांच्या पत्रांसारखे दिसते, आणि कधी कधी आपण न केलेली कामेही त्यात शिरतात.

पाठवताना

ई-मेलच्या विषयात पदाचे नाव, जाहिरातीतील क्रमांक आणि स्वतःचे नाव असावे; फाइललाही स्वतःचे आणि पदाचे नाव द्यावे. 'न्यू रेझ्युमे फायनल २' या नावाची फाइल उतरवून घेणाऱ्याच्या संगणकात हरवून जाते. ई-मेलचा मजकूर रिकामा ठेवू नये. पत्र तेथेच लिहावे आणि रेझ्युमे जोडावा. पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा, आणि एकदाच, नम्रपणे विचारणा करावी. मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी आधी पैसे मागणारे पत्र आले, तर ते कितीही नामांकित कंपनीच्या नावाने असो, पैसे भरू नयेत आणि कागदपत्रेही पाठवू नयेत.

आणि एक वही ठेवावी. तारीख, कंपनी, पद, कोणता रेझ्युमे पाठवला, कोणाला पाठवला, हे तीत लिहावे आणि जाहिरातीची प्रतही तिच्यातच चिकटवावी, कारण मुदत संपली की संकेतस्थळावरून जाहिरात निघून जाते. तीन आठवड्यांनी अनोळखी क्रमांकावरून फोन येतो तेव्हा उमेदवार शेतात असतो, एसटीत असतो किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असतो. अशा वेळी 'दहा मिनिटांनी बोलू शकतो काय' असे विचारून घ्यावे, वही उघडावी, डावीकडे-उजवीकडे लिहिलेले ते पान समोर ठेवावे आणि मगच बोलायला सुरुवात करावी.